किल्ली माझी, हात ब्राउझरचा

८ ऑगस्ट २०१५ चा अख्खा शनिवार मी किल्ल्या बदलण्यात घालवला. घराच्या नव्हे हो, एसएसएचच्या! सात-आठ सर्व्हर, कोड ठेवायची दोन अकाउंट्स, एका जुन्या क्लायंटचं मशीन... चहा निवत होता, बायको "पिक्चरला जायचंय ना?" म्हणून दोनदा विचारून गेली, आणि मी आपला टर्मिनलमध्ये डोकं खुपसून बसलेलो.

कारण असं, की दोनच दिवस आधी मोझिलाने घाईघाईने फायरफॉक्स ३९.०.३ काढला होता. रशियातल्या एका बातम्यांच्या साइटवरची जाहिरात फायरफॉक्सच्या पीडीएफ दाखवणाऱ्या भागातल्या चुकीचा फायदा घेऊन लोकांच्या मशीनवरच्या फाइली उचलत होती. लिनक्सवर तिला काय हवं होतं? एसएसएचच्या किल्ल्या, टर्मिनलमध्ये टाइप केलेल्या कमांडांचा इतिहास, आणि नावात 'पास' असलेल्या टेक्स्ट फाइली. थोडक्यात, आपल्यासारख्या लोकांचा सगळा संसार. वर मोझिलानेच सांगितलं, की चोरी झाली तरी मागे काही खूण राहत नाही. म्हणजे माझ्या किल्ल्या गेल्या की राहिल्या, हे कळायला मार्गच नव्हता.

मला सगळ्यात जास्त खटकलं ते वेगळंच. या चोरीत एकही कुलूप फुटलं नव्हतं. माझ्या किल्लीच्या फाइलची परवानगी ६०० होती, म्हणजे फक्त मालकाने वाचावी. पण ब्राउझर कोण चालवत होतं? मीच की! त्यामुळे जे मला वाचता येतं ते त्यालाही वाचता येत होतं. नियम एकही मोडला गेला नाही आणि घर साफ झालं.

ही गोष्ट कोणाच्या आधी लक्षात आली नव्हती का? आली होती, आणि तीही चाळीसेक वर्षांपूर्वी.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकन हवाई दलाला एकाच कॉम्प्युटरवर गोपनीय आणि साधी कामं एकत्र चालवायची होती. १९७२ मध्ये जेम्स अँडरसनच्या अहवालाने सांगितलं, की प्रत्येक वाचन-लेखनाच्या वाटेवर एक असा पहारेकरी हवा ज्याला चुकवून जाता येणार नाही. १९७३ मध्ये मायटर संस्थेतल्या डेव्हिड बेल आणि लिओनार्ड लापादुला यांनी त्याचं गणित मांडलं. पहिला नियम सरळ: आपल्या पातळीच्या वरचं वाचायचं नाही. दुसरा मात्र विचित्र वाटतो: खालच्या पातळीवर लिहायचंही नाही. जनरलवर विश्वास नाही की काय? तर जनरलवर आहे, पण त्याने चालवलेल्या प्रोग्रामवर नाही! त्या प्रोग्राममध्ये कोणी ट्रोजन घोडा लपवला असेल, तर तो जनरलच्या हक्काने गुपित वाचेल आणि खाली कुठेतरी लिहून ठेवेल.

हेच ते मँडेटरी अॅक्सेस कंट्रोल. नियम फाइलच्या मालकाच्या मर्जीवर नाही, तर सिस्टिमच्या हातात. माणूस आणि त्याच्या नावाने चालणारा प्रोग्राम या दोन गोष्टी वेगळ्या धरायच्या. माझ्या फायरफॉक्सचं दुखणं नेमकं हेच होतं.

मग ही विद्या आपल्या डेस्कटॉपपर्यंत पोचली का नाही? प्रयत्न झाले. अमेरिकेच्या एनएसएने डिसेंबर २००० मध्ये एसईलिनक्स सगळ्यांसाठी खुलं केलं. त्यात पातळ्यांपेक्षा 'टाइप'वर भर होता: या टाइपच्या प्रोसेसने त्या टाइपच्या फाइलला हात लावायचा की नाही, हे पॉलिसीत लिहायचं. २००३ मध्ये ते मुख्य कर्नलच्या २.६ मालिकेत आलं. पण सगळ्याच प्रोग्रामना कडक नियम लावले की काही ना काही बंद पडायचं. म्हणून २००४ च्या फेडोरा कोअर ३ मध्ये मधला मार्ग निघाला. वेब सर्व्हरसारख्या ठरावीक सेवांना पहारा, आणि लॉगिन केलेल्या माणसाचे प्रोग्राम 'अनकन्फाइन्ड', म्हणजे मोकाट! तेव्हा खरं सांगायचं तर, 'सेटएनफोर्स ०' मारून एसईलिनक्स बंद करणाऱ्यांपैकी मीही एक. पण ते चालू असतं तरी त्या ऑगस्टमध्ये माझा ब्राउझर मोकाटच असता.

यात पॉलिसी लिहिणाऱ्यांचा आळस होता असं नाही. ब्राउझर हे प्रकरणच अवघड. त्याला बायोडेटा अपलोड करायला कुठलीही फाइल वाचायची असते, डाउनलोड कुठेही ठेवायचं असतं, शिवाय कॅमेरा, प्रिंटर वगैरे आहेच. एका प्रोसेसमध्ये हे सगळं कोंबलेलं असेल तर पॉलिसीत मनाई तरी कशाला करणार? फेडोरा १२ मध्ये, २००९ साली, अख्खा ब्राउझर वेगळ्या एसईलिनक्स टाइपमध्ये आणि वेगळ्या खिडकीत कोंडून चालवायची सोय आली. उबुंटूनेही फायरफॉक्ससाठी ॲपआर्मरची प्रोफाइल दिली, पण मुळात बंद ठेवून. रोजच्या वापरात हे जाचायचं, म्हणून चालू करणारे थोडेच.

कोडं सुटलं ते दुसऱ्या बाजूने. २००७ मध्ये लोकांच्या हातात आलेल्या विंडोज व्हिस्टाने प्रोसेसना पातळ्या दिल्या, आणि इंटरनेट एक्स्प्लोररला खालच्या पातळीवर बसवलं: वर लिहायला बंदी. सप्टेंबर २००८ मध्ये क्रोम आला आणि त्याने ब्राउझरचेच तुकडे केले. अनोळखी पान वाचून चितारणारा रेंडरर वेगळा, आणि फाइली, खिडक्या, नेटवर्क सांभाळणारा कारभारी वेगळा. रेंडररला फाइल हवी तर कारभाऱ्याकडे मागायची, आणि कोणती द्यायची ते खिडकीत माणूस निवडणार. आता पॉलिसी लिहिणं सोपं झालं, कारण रेंडररला स्वतःहून जवळजवळ कशाचीच गरज उरली नाही. मॅकवर त्याला अॅपलच्या सीटबेल्टने बांधलं, आणि लिनक्सवर २०१२ पासून सेककॉम्प-बीपीएफच्या चाळणीने.

थोडक्यात, नुसती कडक पॉलिसी पुरेशी नव्हती. आधी प्रोग्राम असा कापावा लागला की पॉलिसीला कुठे उभं राहायचं ते कळावं. २०१५ चा माझा फायरफॉक्स एकाच प्रोसेसचा होता. त्यात हे तुकडे २०१६ पासून लोकांपर्यंत पोचू लागले.

आणि एसईलिनक्स? ते गुपचूप आपल्या खिशात येऊन बसलं. २०१४ च्या अँड्रॉइड ५.० पासून ते पूर्ण सक्तीने चालू असतं, आणि क्रोमचा रेंडरर तिथे 'आयसोलेटेड अॅप' नावाच्या कोठडीत राहतो. ज्याला मी सर्व्हरवर वैतागून बंद करायचो, तेच फोनवर माझी राखण करतंय. मला न विचारता. मँडेटरी म्हणतात ते याला!

असो. त्या शनिवारी पिक्चर हुकला तो हुकलाच. पण तेव्हापासून दोन गोष्टी पाळतो. एसएसएचच्या किल्लीला पासफ्रेज, आणि काही अडलं की 'सेटएनफोर्स ०' मारण्याआधी लॉग वाचायचा. पहारेकरी अडवतोय तर निदान कोणाला अडवतोय, एवढं तरी बघावं.