म्हातारी माणसं आठवणी का काढतात? मोजायचं कसं?

‘आजोबा पुन्हा जुनं उगाळत बसले’ असं तुम्हीही कधीतरी म्हणाला असाल. एके काळी तज्ज्ञांचंही साधारण हेच मत होतं: जुन्यात रमणं म्हणजे बुद्धी मंदावल्याची खूण. १९६३ मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी ते खोडून काढलं. मृत्यू जवळ आल्याची जाणीव झाली की माणूस आयुष्याचा हिशेब मांडतो आणि हे स्वाभाविक आहे, असं त्यांनी मांडलं.

पण सगळेच काही हिशेब मांडत नाहीत. १९९३ मध्ये जेफ्री वेब्स्टर यांनी ४३ विधानांची प्रश्नावली केली. ‘मी आठवणी काढतो, कारण...’ असं म्हणून प्रत्येक कारण किती वेळा लागू पडतं, ते सांगायचं. त्यातून आठ कारणं पुढे आली: कंटाळा घालवणं, मृत्यूची तयारी, स्वतःची ओळख, अडचण सोडवणं, गप्पा, गेलेल्या माणसाची जवळीक टिकवणं, जुनी कटुता उगाळणं आणि पुढच्या पिढीला शिकवणं.

आता ही फूटपट्टी आपल्याकडे लावून बघा. बदलापुरात २००५ च्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं हे आजी नातवाला दाखवते, ते शिकवणं. अंबरनाथला विमकोच्या काडेपेटी कारखान्यातले जुने सहकारी भेटले की निघतात त्या गप्पा. इथवर ठीक.

उल्हासनगरात मात्र गाडी अडते. दुसऱ्या महायुद्धातला लष्कराचा कल्याण कॅम्प फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना दिला गेला. १९४९ मध्ये त्याचं उल्हासनगर झालं, तरी लोक आजही ‘कॅम्प नंबर अमुक’ असाच पत्ता सांगतात. बराकीत वाढलेल्या माणसाने सुटलेल्या घराबद्दल बोलणं कुठल्या रकान्यात टाकायचं? कटुतेच्या, की ओळखीच्या? कटुता उगाळणं मानसिक अस्वास्थ्याशी जोडलं जातं. म्हणजे रकाना चुकला, तर साक्षीदाराला आपण रुग्ण ठरवू.

आणखी एक मेख मराठीतच आहे. आपण आठवण ‘काढतो’, तशी आठवण ‘येते’सुद्धा. काढलेल्या आठवणीला ‘का?’ विचारता येतं. न बोलावता आलेलीला काय विचारणार? आणि जो फाळणीबद्दल अवाक्षर काढत नाही, त्याचा आकडा शून्याजवळ येईल. पण गप्प राहणं म्हणजे विसरणं नव्हे.

म्हणून आकड्यासोबत माणसाचं बोलणंही नोंदवायला हवं. १९४७ मध्ये दहा वर्षांचं असलेलं मूल आज नव्वदीच्या आसपास आहे. तुमच्या घरात असं कोणी असेल, तर ‘का आठवतं?’ हे नंतर विचारा. आधी नुसतं ऐका.