रामटेकचा मेघ आणि सोनेगावची रात्र

गेल्या श्रावणात एका जुन्या विद्यार्थिनीचा न्यूझीलंडहून फोन आला. दहावीच्या वर्गात ही मुलगी खिडकीशी बसे आणि भूगोलाच्या तासाला बाहेर पाहत असे. आता ती नवऱ्याबरोबर त्या दूरच्या बेटावर संसार करते आहे. दोघांनी सुटी काढून हेलिकॉप्टरमधून एक फेरी मारली होती. खाली फिओर्ड, मग निर्मनुष्य वाळूचा किनारा, मग चक्क एका हिमनदीच्या पाठीवर उतरून दहा मिनिटे उभे राहणे! तिचा श्वास अजून खाली बसला नव्हता. "सर, पायाखाली बर्फ आणि वर निळे आकाश! आपल्याकडे वरून पाहण्यासारखे आहे तरी काय हो?"

फोन ठेवला आणि मला वाईट वाटले. वाटायला नको होते. मुलगी आनंदात होती, तिने तो आनंद मास्तरांना सांगितला, एवढेच. पण ज्याने पंचवीस वर्षे खडू झिजवला त्याला असा प्रश्न लागतोच. तिला फोनवर जे सांगता आले नाही ते येथे लिहितो आहे.

आधी एक हिशेब चुकता करू. फिओर्ड म्हणजे काय? हिमनदीने डोंगर कोरून केलेली खोल दरी, जिच्यात पुढे समुद्र शिरला. आपल्या कोकणात बाणकोट, दाभोळ, जयगड येथे समुद्र असाच आत शिरला आहे. पण त्या दऱ्या नदीने कोरलेल्या, बर्फाने नव्हे. म्हणून त्यांना आपण खाडी म्हणतो. तिकडचे कडे उभे, इकडचे डोंगर उतरते. १९३५ साली टाटांची मुंबई-त्रिवेंद्रम टपाल-विमाने गोव्याला आणि कण्णूरला थांबत जाऊ लागली, तेव्हा त्या वैमानिकांना हा सारा किनारा खाली पसरलेला दिसला असेल. म्हणजे वरून पाहण्यासारखे आपल्याकडे काही नाही, हे खरे नव्हे. पण मला सांगायचे आहे ते कोकणाचे नाही. आमच्या नागपूरचे आहे, जेथे ना समुद्र ना बर्फ.

नागपूरच्या ईशान्येला रामटेक. टेकडी ती काय, पण आषाढात तिच्या माथ्यावर ढग टेकतो तेव्हा कोणालाही 'मेघदूता'ची आठवण व्हावी. कालिदासाचा यक्ष ज्या रामगिरीवर शिक्षा भोगत होता तो रामगिरी म्हणजे हेच रामटेक, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी हिरिरीने मांडले. काही विद्वान तो मान छत्तीसगडातील सरगुजाच्या रामगढला देतात. नागपूरकर असल्याने मी निःपक्षपाती नाही, हे आधीच कबूल करतो. पण मिराशींच्या बाजूला केवळ अभिमान नव्हता, ताम्रपट होता. वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. तिच्या ऋद्धपूरच्या ताम्रपटात रामगिरीच्या स्वामीच्या चरणांचा उल्लेख येतो, आणि वाकाटकांची नंदिवर्धन राजधानी म्हणजे रामटेकच्या पायथ्याजवळचे नगरधन. परंपरेने कालिदासाचे नाव जोडले आहे ते याच चंद्रगुप्ताच्या काळाशी.

या काव्याला आपण विरहकाव्य म्हणतो, आणि ते आहेच. परंतु त्याचा पूर्वार्ध वाचताना एक गोष्ट ध्यानात घ्या: हा वरून पाहिलेला प्रदेश आहे. मेघ निघतो, आम्रकूटावर विसावतो, विंध्याच्या पायथ्याशी खडकांवर फुटलेली रेवा, म्हणजे आपली नर्मदा, पाहतो, विदिशा, वेत्रवती, मग वाट वाकडी करून उज्जयिनी, पुढे चर्मण्वती, दशपूर, कुरुक्षेत्र, कनखल आणि हिमालय. थकला की शिखरावर पाय टेक, हलका झालास की नदीचे पाणी पी, असे यक्ष त्याला बजावतो. चर्मण्वतीवर तर कालिदास स्वतः आकाशात जाऊन उभा राहतो. रुंद नदी दुरून बारीक दिसते. तिच्यावर पाणी प्यायला वाकलेला काळा मेघ. आणि आकाशातून जाणाऱ्यांना हे सारे कसे दिसेल? पृथ्वीच्या गळ्यात मोत्यांचा एक सर, मध्ये टपोरा इंद्रनील. रुंद नदी उंचीवरून धाग्यासारखी होते, ही गोष्ट विमानात बसलेल्या माणसाने सांगितली तर नवल नाही. याला कोणी सांगितली? (आम्रकूटावर मेघ बसला की वरच्या देवांना काय दिसते, याचीही एक उपमा आहे. ती नववीच्या वर्गात सांगताना मास्तर खोकल्याचे निमित्त करतात.)

मेघ गेला आणि शतकांनी एक साहेब आला. विल्यम लँबटन त्याचे नाव. १८०२ साली मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी त्याने साखळ्या टाकून सुमारे साडेसात मैलांची एक रेषा मोजली, आणि त्या एका बाजूवरून त्रिकोणाला त्रिकोण जोडत तो उत्तरेकडे सरकू लागला. शाळेतल्या भूमितीचाच नियम: एक बाजू आणि दोन कोन कळले की उरलेल्या दोन बाजू कागदावर निघतात. कोन मोजायचे यंत्र मात्र अर्ध्या टनाचे. ते डोंगरावर चढवायचे, डोंगर नसेल तर देवळाच्या गोपुरावर. १८०८ साली तंजावरच्या देवळावर चढवताना दोर तुटून ते आदळले आणि वाकले. दुसरा कोणी सामान बांधून घरी गेला असता. हा गृहस्थ तंबूत बसला आणि कित्येक आठवडे खपून त्याने ते यंत्र स्वतः सरळ केले.

या माणसाला उडता येत नव्हते. तरी देश वरून कसा दिसेल हे त्याला जमिनीवर उभे राहून काढायचे होते, आणि त्यासाठी वीस वर्षे ऊन, ताप आणि जंगल त्याने अंगावर घेतले. सत्तरीला टेकलेला लँबटन नागपूरकडे येत असताना १८२३ च्या जानेवारीत वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटला मरण पावला. तेथेच त्याची कबर आहे. त्याचे काम जॉर्ज एव्हरेस्टने हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले, आणि त्याच त्रिकोणांच्या आधारे १८५२ साली राधानाथ सिकदार या बंगाली गणितज्ञाने शिखर क्रमांक पंधराची उंची काढली. तेच आजचे एव्हरेस्ट. शिखर मोजले गेले शंभरावर मैलांवरून, त्याच्यावर पाऊल न ठेवता. पण साऱ्या जगाला माहीत झाले ते नाव एव्हरेस्टचे. लँबटनचे नाव हिंगणघाटला राहिले. मी मुलांना घेऊन तेथे गेलो होतो. एकाने विचारले, "सर, हा एवढा मोठा होता तर पुस्तकात काऊन नाही?" उत्तर नव्हते, म्हणून मी त्याला चहा पाजला.

नागपुरात झिरो माइलचा दगडी खांब आणि त्याच्याजवळचे चार घोडे उभे आहेत, तेही याच मोजणीच्या खात्याचे. १९०७ साली उभारलेल्या त्या खांबावर निरनिराळ्या शहरांची अंतरे कोरली आहेत. हा भारताचा अगदी मध्यबिंदू, असे आम्ही पाहुण्यांना छाती फुगवून सांगतो. भूगोलाचा मास्तर म्हणून सांगावे लागते की आजच्या भारताचा भौमितिक मध्य तेथे नाही. पण मध्याच्या जवळपास नागपूर आहे, हे कोणी नाकारीत नाही. आणि त्या जवळपासनेच पुढचा चमत्कार घडवला.

या देशात माणसाआधी पत्रे उडू लागली. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून नैनीला साडेसहा हजार पत्रे यमुनेपलीकडे नेली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाचे छोटे पस मॉथ विमान घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूवर उतरले. अहमदाबादेत पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते, असे सांगतात. पुढचा बल्लारी-मद्रासचा टप्पा नेव्हिल व्हिन्सेंट याने उडवला. मेघ नदीवर थांबून पाणी पितो, विमान अहमदाबादला थांबून पेट्रोल. कालिदासाला हे पटले असते.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा विमाने दिवसा उडत. रात्र वाया जात होती. ३० जानेवारी १९४९ रोजी, गांधीजींच्या पहिल्या पुण्यतिथीच्या दिवशी, रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. त्या वेळी रफी अहमद किडवाई दळणवळणमंत्री होते. कल्पना इतकी साधी की आधी कोणाला कशी सुचली नाही, असे वाटावे. मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास येथून चार विमाने रात्री निघायची, मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला सोनेगावच्या तळावर एकत्र यायची, थैल्यांची आणि उतारूंची अदलाबदल करायची आणि पहाटेपूर्वी आपापल्या गावी परत. दिल्लीत संध्याकाळी टाकलेले पत्र मद्रासला दुसऱ्या दिवशी मिळू लागले. त्याच वर्षी एप्रिलपासून जादा तिकीट न लावताही देशातले साधे पत्र, वेळ वाचत असेल तर, विमानाने जाऊ लागले. आरंभी अडचणी आल्या, मध्ये खंडही पडला. पण सेवा टिकली आणि १९५३ मध्ये विमान कंपन्या सरकारी झाल्यावर इंडियन एअरलाइन्सने ती पुढे चालवली.

माझे थोरले मामा या टपालाच्या कामावर सोनेगावला रात्रपाळी करीत. आमच्या लहानपणी ते निवृत्त झालेले होते आणि ओसरीवर बसून ते दिवस जागवीत. एकामागून एक डाकोटा उतरत. पंखे थांबायच्या आत दारे उघडत. थैल्या खाली, थैल्या वर. दिल्लीची मद्रासला, कलकत्त्याची मुंबईला. उतारू पेंगुळलेले, मुले खांद्यावर झोपलेली. तासादोनतासांत पुन्हा सामसूम. "साऱ्या हिंदुस्थानची खबर माह्या हातातून जाये बाप्पा," मामा म्हणत, "कोणाचं लगीन, कोणाचं मरण. पण थैलीले शील!"

आणि एका रात्रीबद्दल ते बोलत नसत. १२ डिसेंबर १९५३ रोजी सोनेगावहून मद्रासकडे निघालेले डाकोटा उड्डाणानंतर लगेच कोसळले. तेरा माणसे गेली. वाचला तो एकटा वैमानिक. मामा तेव्हा नोकरीत नवे होते. विषय निघाला की ते उठून अंगणातल्या तुळशीला पाणी घालू लागत, मग ती सकाळीच घातलेली असली तरी.

पुढे जेट विमाने आली, दूरची शहरे थेट जोडली गेली, मध्ये थांबण्याची गरज संपली आणि सत्तरीच्या दशकात ही मध्यरात्रीची जत्रा उठली. आज त्या विमानतळाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आहे.

मामांनी वर्षानुवर्षे विमाने भरली, पण स्वतः कधी त्यात बसले नाहीत. काही वर्षांपूर्वी शहराबाहेरच्या एका मैदानावर हेलिकॉप्टरच्या फेऱ्या सुरू झाल्या होत्या. सात-आठ मिनिटांची फेरी, आणि तिकीट मास्तराच्या खिशाला झोंबेल असे. मामा तेव्हा ऐंशीच्या पुढे होते. मी कादंबरीचे मानधन नुकतेच घेतले होते, म्हटले, आता नाही तर केव्हा? घरच्यांनी मला वेड्यात काढले. मामांनी मात्र ठेवणीतले धोतर काढले.

वर गेलो. ज्या गावात जन्म गेला ते गाव ओळखू येईना! मोठा वाटणारा तलाव परातीएवढा, रस्ते दोऱ्यासारखे, आमची शाळा कुठे तेच कळेना. मी हर्षाने ओरडत होतो. आवाजात कोणाला ऐकू येत नव्हते. मामा एकाच दिशेला मान वळवून बसले होते, सोनेगावकडे. खाली उतरल्यावर विचारले, "कसं वाटलं, मामा?"

"चांगलं आहे," ते म्हणाले. "पण दिवे नाही दिसले."

"भरदुपारी दिवे कुठले, मामा?"

"तेच तं," ते म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून चालू लागले. धावपट्टीच्या दिव्यांची रांग उतरणाऱ्या विमानातून कशी दिसते, हे त्यांना पाहायचे होते. ती रांग त्यांनी आयुष्यभर खालून पाहिली होती. मामा आता नाहीत.

विद्यार्थिनीला मी यातले बरेचसे पत्रात लिहून कळवले. तिचे उत्तर आले, त्यात दोन गोष्टी मला ठाऊक नव्हत्या. तिकडे हेलिकॉप्टर आधी सहलीसाठी आलेच नव्हते म्हणे. युरोपियनांनी आणलेली हरणे डोंगरांत इतकी माजली की १९६० नंतर लोक हेलिकॉप्टरमधून त्यांची शिकार करू लागले; त्या दऱ्याखोऱ्यांत उडण्यात हात बसला, आणि मग प्रवासी आले. दुसरी गोष्ट अशी की तेथल्या फ्रांझ जोसेफ नावाच्या प्रसिद्ध हिमनदीवर पूर्वी खालून पायी चढता येई. बर्फ मागे हटला, वाट ढासळती झाली, आणि २०१२ पासून तेथे हेलिकॉप्टरनेच जावे लागते. "सर, आम्ही जे पाहिले ते दर वर्षी थोडे मागे जाते आहे," तिने लिहिले होते. "तुमच्या मेघाने पाहिलेली नर्मदा तरी आहे ना जागेवर?"

नर्मदा आहे. तिच्यावर धरणे आली आहेत, खडकांवर फुटणारे पाणी पुष्कळ ठिकाणी शांत झाले आहे. पण ते तिने स्वतः येऊन पाहावे. या दिवाळीला ती मुलांना घेऊन माहेरी येते आहे. भाऊबीज झाली की सर्वांनी रामटेकला जायचे ठरले आहे. तिच्या धाकट्याने परवा फोनवर विचारले, तिथे वर जायला हेलिकॉप्टर आहे का? मी म्हटले, पायऱ्या आहेत.