हुतूतूचे नियम कोणी घडवले?



भातकापणी आटोपली, नागली-वरईची मळणी झाली, की जव्हार-मोखाड्याच्या पाड्यापाड्यांतली वावरं मोकळी होतात. मग तिथे पोरं जमतात. एकजण काटकीने जमिनीवर रेघ ओढतो आणि हुतूतू सुरू होतो. पण बहुधा पहिल्या पाच मिनिटांतच खेळ थांबतो आणि तंटा सुरू होतो. बाद झालेला गडी म्हणतो, “आमचा एक मारला तसा तुमचाही एक मारला, मी आता जिवंत झालो.” समोरचे म्हणतात, “आमच्या पाड्यात असं नसतं. मेला तो मेला, डाव संपेपर्यंत बाहेर बस.”

हा तंटा पोरासोरांचा म्हणून हसण्यावारी नेऊ नये. शंभर वर्षांपूर्वी महाराष्ट्रातल्या जाणत्या व्यायामप्रेमी मंडळींपुढे नेमका हाच प्रश्न उभा होता. तो त्यांनी कसा सोडवला, आणि खेळाचा नियम बदलायचा तर कसा बदलावा, याविषयी आज थोडं बोलायचं आहे.

हुतूतू हा खेळ फार जुना. बंगालकडे त्याला हाडूडू म्हणतात, तमिळनाडूत चेडुगुडू म्हणतात, पंजाबात तो गोल मैदानावर खेळतात. दम धरून शत्रूच्या मुलखात शिरायचं, गडी मारायचे आणि दम तुटायच्या आत आपल्या घरी परतायचं, हा गाभा सगळीकडे सारखाच. फरक होता तो मेलेल्या गड्याचं काय करायचं याबाबत. त्याच्या तीन तऱ्हा होत्या. पहिली गामिनी. तीत बाद झालेला गडी गेला तो गेला. सगळा संघ बाद होऊन लोण चढेपर्यंत त्याने बाहेर बसायचं. या खेळाला वेळेचं बंधन नसे. ठरलेले लोण होईपर्यंत खेळ चालायचा, मग दिवस मावळो की काही होवो. दुसरी अमर. तीत गडी बाद झाला तरी मैदान सोडत नसे. समोरच्यांना गुण मिळे आणि खेळ पुढे चाले. तिसरी संजीवनी. समोरचा एक गडी बाद झाला की आपला एक गडी उठून आत येई. शुक्राचार्यांच्या संजीवनी विद्येची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्यावरूनच हे नाव पडलं.

आता विचार करा, यातली कुठली तऱ्हा बरी? गामिनीत ताकदवान गडी शेवटपर्यंत उभा राहतो, आणि अशक्त पोरगा सुरुवातीलाच बाद होऊन तासभर माती उकरत बसतो. म्हणजे ज्याला खेळण्याची गरज जास्त, त्यालाच खेळायला कमी मिळतं. अमरमध्ये कोणी बसून राहत नाही हे खरं, पण बाद होण्याची धास्तीच उरत नाही. संजीवनीत दोन्ही साधतं. बाद झालं तर बाहेर जावं लागतं, आणि सोबत्याने पराक्रम केला तर परत येता येतं. एकाच्या पराक्रमाने दुसरा जिवंत होतो, यापेक्षा संघभावनेचा मोठा धडा तो कोणता?

हे नियम एका जागी आणण्याचा उद्योग महाराष्ट्रात 1918 च्या सुमाराला सुरू झाला. साताऱ्याकडच्या मंडळींचा त्यात पुढाकार होता. 1921 मध्ये संजीवनी आणि गामिनी यांचा मेळ घालून नियमांची एक चौकट तयार झाली. 1923 मध्ये समिती नेमून ती तपासली गेली, आणि बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने भरवलेल्या अखिल भारतीय सामन्यांत हे सुधारलेले नियम लावून पाहिले गेले. शिक्षक बंधुभगिनींनी हा क्रम ध्यानात घ्यावा. आधी नियम लिहिला, मग तपासला, मग प्रत्यक्ष सामन्यात लावून पाहिला. कोणा एकाने ओट्यावर बसून हुकूम सोडला, असं झालं नाही.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. 1936 मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या खेळाचं दर्शन घडवलं. 1950 मध्ये अखिल भारतीय संघटना उभी राहिली आणि 1952 पासून राष्ट्रीय सामने भरू लागले. कबड्डी हे नाव देशभर रूढ झालं. बुवा साळवींसारख्या माणसांनी या खेळासाठी आयुष्य वेचलं. त्यांचा जन्मदिवस, 15 जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात. 1990 मध्ये बीजिंगच्या आशियाई खेळांत कबड्डीला पदकाचा मान मिळाला. पाड्यातल्या वावरातला खेळ बीजिंगपर्यंत पोहोचला, तो नियम एक झाले म्हणून. प्रत्येक गाव आपापल्या रेघेला चिकटून राहिलं असतं, तर शेजारच्या तालुक्याशीही सामना होऊ शकला नसता.

पण नियम एकदा लिहिला म्हणजे तो दगडावरची रेघ होत नाही. पुढे पडलेला संघ वेळ काढू लागला. गडी मध्यरेषा ओलांडून निदान रेषा पार करायचा आणि कोणाला न छेडता परत यायचा. नियमात बसत होतं, पण खेळ मरत होता. म्हणून आता लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो, नाही तर चढाई करणारा बाद. पूर्वी चढाई किती वेळ चालावी हा ज्याच्या त्याच्या छातीचा प्रश्न होता. आता तिला 30 सेकंदांची मर्यादा आहे. रिकाम्या चढाया आणि लांबलेली चढाई यांवरचे हे दोन्ही उपाय खेळाचा गाभा शाबूत ठेवून केलेले आहेत.

नियम बदलण्याचं याहून गंभीर कारण म्हणजे खेळाडूचा जीव. याचा दाखला दूरदेशचा आहे, पण बोधक आहे. अमेरिकेत लंबगोल चेंडूचा एक फुटबॉल खेळतात. त्यात खेळ सुरू करताना आणि गुण झाल्यावर एक संघ लाथ मारून चेंडू दूर उडवतो. त्याला किक-ऑफ म्हणतात. समोरचा गडी चेंडू झेलून उलट धावत येतो, आणि दोन्हीकडचे धिप्पाड गडी लांबून धाव घेऊन पूर्ण वेगात एकमेकांवर आदळतात. 1892 मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या संघाने पाचरीच्या आकारात धावून आदळण्याची युक्ती काढली. ती इतकी घातक ठरली की 1894 मध्येच तिच्यावर बंदी आली. 1905 च्या एका हंगामात या खेळापायी सुमारे अठरा तरुण दगावले. तेव्हा खुद्द राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी विद्यापीठांच्या लोकांना बोलावून घेतलं, आणि 1906 मध्ये नियम बदलले.

तरीही किक-ऑफची टक्कर उरलीच. 2010 मध्ये अशाच एका टकरीत एका महाविद्यालयीन खेळाडूच्या मानेला इजा होऊन तो लुळा झाला. त्याचे प्रशिक्षक ग्रेग शियानो यांनी पुढे सुचवलं की किक-ऑफ काढूनच टाका आणि दुसऱ्या रीतीने चेंडू समोरच्यांच्या हाती द्या. पुष्कळांना ते रुचलं नाही. किक-ऑफशिवाय हा खेळ कसला, असं ते म्हणाले. मग मधला मार्ग निघाला. 2016 मध्ये तिथल्या आठ विद्यापीठांच्या आयव्ही लीगने चेंडू पाच यार्ड पुढून उडवण्याचा प्रयोग केला, म्हणजे तो बहुधा मैदानापार जावा आणि धावण्याचा प्रसंगच कमी यावा. दर हजार किक-ऑफमागे डोक्याला मार बसण्याचं प्रमाण सुमारे 11 वरून सुमारे 2 वर आलं. 2024 मध्ये तिथल्या मोठ्या व्यावसायिक स्पर्धेने नवी रीत धरली. दोन्ही संघांचे बहुतेक गडी आधीच जवळजवळ उभे करायचे, आणि चेंडू झेलला जाईपर्यंत किंवा जमिनीला लागेपर्यंत त्यांनी हलायचं नाही. लांबची धाव गेली, टकरीचा जोर ओसरला. हा नियम आधी एका वर्षापुरताच केला होता. तो लावून पाहिला, आणि मग 2025 मध्ये कायम केला. बडोद्याच्या मंडळींनी शंभर वर्षांपूर्वी जी वाट धरली, तीच ही वाट.

बदललेला नियम सर्वांना नीट ठाऊक नसला तर काय होतं, तेही पाहिलं पाहिजे. 7 ऑक्टोबर 2023 रोजी चीनमधल्या हांगझोऊ इथे आशियाई खेळांचा पुरुषांचा अंतिम सामना भारत आणि इराण यांच्यात चालला होता. शेवटच्या क्षणांत 28-28 अशी बरोबरी. भारताचा पवन सेहरावत चढाईला गेला आणि कोणाला स्पर्श न करता कडेच्या राखीव पट्ट्यात गेला. त्याच्यामागून इराणचे गडीही त्या पट्ट्यात उतरले. जुन्या नियमाने तेही बाद. नव्या नियमाने फक्त चढाई करणारा बाद. कुठला नियम लागू, यावरून सामना तासभर अडून राहिला. खेळाडू मैदानात बसून राहिले. अखेर भारत 33-29 असा जिंकला, पण तो तासभर कोणालाच भूषणावह नव्हता. आशिया खंडाच्या पंचांची ही गत, तर पाड्यातल्या पोरांना कोणत्या तोंडाने दोष द्यावा?

म्हणून जव्हार-मोखाड्याच्या आश्रमशाळांतल्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या गुरुजनांना माझं सांगणं एवढंच. आपली भूमी खडकाळ. पाऊस सरला की मुरूम उघडा पडतो. शहरातल्या मुलांना गादीसारखी मॅट मिळते, आपली मुलं दगडगोट्यांवर पडतात. तेव्हा सामन्याआधी मैदानातले खडे वेचून घ्यावेत, जमेल तिथे मऊ माती पसरावी. पुरुषांचं मैदान 13 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद, स्त्रियांचं 12 मीटर लांब आणि 8 मीटर रुंद. लहानांना मोठ्यांच्या मापात धावडवू नये. नखं कापलेली आहेत ना, ते पाहावं. पायांची कैची घालून गडी पाडणं, दम तोडण्यासाठी तोंड दाबणं, केस ओढणं, हे नियमाने निषिद्धच आहे. तिथे शिट्टी वाजवायला कचरू नये. मग आपला संघ हरला तरी चालेल.

आणि एखादा नियम आपल्या मुलांसाठी बदलावासा वाटला, तर जरूर बदलावा. घटका आखूड करावी, वजनाच्या जोड्या लावाव्यात, पण सामना सुरू होण्यापूर्वी, दोन्ही संघांना समोर बसवून, फळ्यावर लिहून. मुलांना त्यावर बोलू द्यावं. पटलं नाही तर त्यांना कारण सांगावं. सर्वांच्या देखत ठरलेल्या नियमाने हरलेला पोरगा दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळायला येतो. डावाच्या मध्येच बदललेल्या नियमाने हरलेला मात्र मनात अढी धरून घरी जातो.

नियम माणसांनीच केले आहेत, आणि माणसंच ते सुधारणार आहेत. ज्या मुलाने शाळेच्या मैदानावर नियम कसा ठरतो हे पाहिलं, त्याला उद्या ग्रामसभेत बसल्यावर ठराव कसा व्हावा हे निराळं शिकवावं लागणार नाही.