वापरलेली परफॉर्मन्स मोटारगाडी (भारत)

वापरलेली परफॉर्मन्स मोटारगाडी म्हणजे सर्वसाधारण प्रवासी मोटारीपेक्षा अधिक शक्ती, वेगवान प्रवेग व चपळ हाताळणी यांसाठी घडवलेली आणि पहिल्या मालकाकडून दुसऱ्याकडे जाणारी मोटारगाडी. भारतात नव्या परफॉर्मन्स मोटारींची निवड मर्यादित व किंमत जास्त असल्यामुळे, बेताच्या अंदाजपत्रकात वेगवान गाडी घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी जुन्या गाड्यांचा बाजार हाच प्रमुख मार्ग ठरतो. अशा खरेदीत गाडीची मूळ किंमत हा खर्चाचा केवळ एक भाग असतो. देखभाल, सुट्या भागांची उपलब्धता, विमा आणि कागदपत्रांची वैधता यांवर व्यवहाराचे खरे मूल्य ठरते.

पार्श्वभूमी

भारतीय बाजारात दीर्घकाळ इंधनाची बचत आणि कमी किंमत यांना प्राधान्य मिळाले. चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या व १,२०० घन सेंटिमीटरपर्यंतच्या पेट्रोल इंजिनाच्या मोटारींना करात सवलत मिळत असल्याने मोठ्या इंजिनाच्या छोट्या गाड्या फारशा तयार झाल्या नाहीत. तरीही १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून काही कंपन्यांनी नेहमीच्या मोटारींच्या अधिक शक्तिशाली आवृत्त्या बाजारात आणल्या. त्यांपैकी अनेकांची विक्री कमी झाली व काही वर्षांतच त्या बंद झाल्या. मात्र याच गाड्यांना आज जुन्या बाजारात हौशी ग्राहक लाभला आहे.

उल्लेखनीय मोटारी

* होंडा सिटी व्हीटेक – पहिल्या पिढीच्या सिटीची २००० साली आलेली आवृत्ती. १.५ लिटर क्षमतेचे इंजिन सुमारे १०६ अश्वशक्ती देत असे. टर्बोचार्जर नसलेले, उच्च फेऱ्यांवर खुलणारे इंजिन व हलके वजन ही तिची वैशिष्ट्ये होत.
* फियाट पालिओ १.६ – २००१ साली सादर झालेल्या पालिओची सुमारे १०० अश्वशक्तीची आवृत्ती. भक्कम बांधणी व रस्त्यावरील स्थैर्य यांसाठी ती ओळखली जाते.
* स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस – २००४ साली १.८ लिटर टर्बो इंजिनासह (सुमारे १५० अश्वशक्ती) भारतात आली. २०१७ साली याच नावाने सुमारे २३० अश्वशक्तीची नवी आवृत्ती सादर झाली.
* फोक्सवागन पोलो जीटी टीएसआय – २०१३ साली सादर. १.२ लिटर टर्बो इंजिन (सुमारे १०५ अश्वशक्ती, १७५ न्यूटन-मीटर) आणि सात गतींचा दुहेरी क्लच असलेला स्वयंचलित गिअरबॉक्स ही तिची ओळख. पोलोचे उत्पादन पुण्याजवळील चाकण येथे होत असे व ते २०२२ साली थांबले.
* फियाट अबार्थ पुंटो – २०१५ साली सादर. १.४ लिटर टी-जेट टर्बो इंजिन सुमारे १४५ अश्वशक्ती देते. ही मोटार पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे तयार होत असे.
* मारुती सुझुकी बलेनो आरएस – २०१७ साली सादर. १ लिटर टर्बो इंजिन, सुमारे १०२ अश्वशक्ती.
* टाटा टियागो जेटीपी व टिगोर जेटीपी – २०१८ साली सादर. कोइंबतूर येथील जयेम ऑटोमोटिव्हज्‌च्या सहकार्याने विकसित केलेल्या या गाड्यांचे १.२ लिटर टर्बो इंजिन सुमारे ११४ अश्वशक्ती देते.

निवडीचे निकष

शक्ती व वजन यांचे गुणोत्तर: केवळ अश्वशक्तीच्या आकड्यावरून गाडीच्या वेगाचा अंदाज येत नाही. १,००० किलोग्रॅम वजनाची १०० अश्वशक्तीची मोटार आणि १,४०० किलोग्रॅम वजनाची १४० अश्वशक्तीची मोटार यांचे हे गुणोत्तर सारखेच असते. मात्र हलक्या गाडीचे टायर व ब्रेक तुलनेने कमी झिजतात आणि ते बदलण्याचा खर्चही सहसा कमी येतो.

सुटे भाग: ज्या कंपनीने देशातील विक्री थांबवली आहे, तिच्या गाड्यांची किंमत जुन्या बाजारात झपाट्याने उतरते. ही घट खरेदीदाराच्या पथ्यावर पडते, पण तिचे कारण विसरून चालत नाही. इंजिनाचे भाग अन्य मोटारींशी समान असल्यास ते सहज मिळतात. त्या आवृत्तीपुरतेच बनवलेले बंपर, दिवे, चाके किंवा सस्पेन्शनचे भाग मिळणे मात्र कठीण जाते.

पहिल्या वर्षाचा खर्च: टायर, ब्रेक, क्लच, बॅटरी, टायमिंग बेल्ट व सर्व द्रव पदार्थ बदलण्याचा खर्च खरेदीपूर्वीच मोजणे हितावह असते. सर्व रक्कम गाडीच्या किमतीतच संपवल्यास पहिल्याच मोठ्या दुरुस्तीला गाडी उभी राहण्याची वेळ येते. म्हणून थोड्या कमी शक्तीची पण नियमित देखभाल झालेली गाडी, दुर्लक्षित राहिलेल्या शक्तिशाली गाडीपेक्षा स्वस्त पडू शकते.

तांत्रिक तपासणी

तपासणी इंजिन थंड असताना सुरू करणे इष्ट असते. गरम इंजिन सहज सुरू होते व अनेक दोष झाकले जातात. सुरू होताच निळसर धूर दिसल्यास इंजिन तेल जळत असल्याची शक्यता असते. सतत निघणारा दाट पांढरा धूर शीतक द्रव दहनकक्षात शिरत असल्याचे सुचवतो. टर्बो असलेल्या मोटारीत वेग वाढवताना येणारा कर्कश आवाज, टर्बोभोवतीची तेलगळती आणि शक्तीतील अचानक घट यांकडे लक्ष द्यावे लागते. कोरड्या क्लचचा दुहेरी-क्लच गिअरबॉक्स शहरी कोंडीत अधिक तापतो. त्यामुळे सावकाश चालवताना हिसके बसतात का, हे पाहणे आवश्यक असते.

टायरच्या बाजूवर कोरलेल्या चार अंकांवरून त्याच्या निर्मितीचा आठवडा व वर्ष कळते. उदाहरणार्थ, ३२१९ म्हणजे २०१९ सालातील ३२ वा आठवडा. चारही टायर वेगवेगळ्या कंपन्यांचे असणे हे काटकसरीच्या देखभालीचे लक्षण मानले जाते. पत्र्यांमधील असमान फटी, रंगछटेतील फरक आणि बॉनेटच्या बोल्टवरील पान्याच्या खुणा यांवरून पूर्वी झालेल्या अपघाताचा अंदाज बांधता येतो. पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीत आसनाखालील पट्ट्यांवर गंज, गालिच्याला कुबट वास आणि पूर्ण बाहेर ओढलेल्या सीटबेल्टवर गाळाची रेघ आढळू शकते.

परफॉर्मन्स मोटारींच्या बाबतीत इंजिनाच्या नियंत्रण संगणकाची आज्ञावली बदलून शक्ती वाढवण्याचा प्रकार सर्रास आढळतो. अशी गाडी विक्रीपूर्वी मूळ स्थितीत आणली असली, तरी गिअरबॉक्स व क्लच यांवर पडलेला ताण परत जात नाही. संगणकीय निदान यंत्राने दोषसंकेतांची नोंद तपासता येते. मात्र नुकतीच पुसलेली कोरी नोंद हीदेखील संशयास्पद ठरू शकते.

कायदेशीर बाबी

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० नुसार मालकी हस्तांतरणाची नोंद करणे बंधनकारक आहे. राज्यांतर्गत व्यवहारात विक्रेत्याने १४ दिवसांत, तर खरेदीदाराने ३० दिवसांत नोंदणी प्राधिकरणाला कळवायचे असते. त्यासाठी नमुना २९ व नमुना ३० वापरले जातात. गाडीवर कर्ज असल्यास बोजा उतरवण्यासाठी नमुना ३५ आणि परराज्यात नेण्यासाठी नमुना २८ मधील ना हरकत प्रमाणपत्र लागते. परराज्यातील गाडी स्वस्त वाटली, तरी महाराष्ट्रात फेरनोंदणी करताना येथील मोटार वाहन कर भरावा लागतो.

नोंदणी लांबवण्याचे परिणाम गंभीर असतात. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार (२०१८) या खटल्यात, गाडी प्रत्यक्षात विकली गेली असली तरी अपघाताच्या दिवशी ज्याच्या नावावर नोंदणी आहे तोच नुकसानभरपाईसाठी जबाबदार मालक ठरतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. विम्याची पॉलिसीही खरेदीदाराच्या नावे करून घ्यावी लागते. दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत गाडीबरोबर जात नाही, ती विक्रेत्याकडेच राहते.

कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. बदललेले इंजिन प्रमाणपत्रात नोंदलेले नसल्यास गाडी नव्या मालकासाठी डोकेदुखी ठरते. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी वैध असते. त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते. १ एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाचे शुल्क मोटारींसाठी ६०० रुपयांवरून ५,००० रुपये करण्यात आले. पालिओ किंवा पहिल्या पिढीच्या सिटीसारख्या गाड्या घेताना नूतनीकरणाचा खर्च गृहीत धरावा लागतो.

हेही पाहा

* हॉट हॅच
* टर्बोचार्जर
* मोटार वाहन कायदा, १९८८
* प्रादेशिक परिवहन कार्यालय