बारा वेढ्यांची गाठ

क्रोशाची सुई माझ्या हातात आली तेव्हा मी तिसरीत होते. आमच्या बेळगाव भागात मुलगी दहावीला बसायच्या आत तिच्या रुखवताचं तोरण ट्रंकेत पडलेलं असे. साखळी, मुका खांब, खांब, दुहेरी खांब. एवढं आलं की पुढचं सगळं त्याच बाराखडीतले शब्द. चौरंगावरचे रुमाल, अष्टद्रव्याच्या थाळीवरची झाकणं, रेडिओचा आणि पुढे टीव्हीचा झगा, काय काय विणलं ते आता आठवतही नाही. त्यामुळे साठीनंतर क्रोशात आपल्याला नवं काही शिकायचं उरलं असेल असं मला वाटत नव्हतं.

मग धाकट्या सुनेनं एका जुन्या कॉलरचं चित्र दाखवलं. उठावाची फुलं, पानं आणि मधल्या जाळीत ठिकठिकाणी मोत्याएवढ्या गाठी. मी म्हटलं, मणी ओवलेत. ती म्हणाली, "नाही हो आई, नुसता दोरा आहे." शेजारी बसलेल्या जाऊबाईंचा प्रश्न वेगळाच, "रेशीम नाही ना गं?" त्यांनी रेशमाचा नियम घेतलाय. नाही, साधा सुती दोरा. गाठीचं नाव क्लोन्स. लिहितात तसं, पण त्या गावचे लोक उच्चार करतात क्लोनिस. आयर्लंडमधल्या मोनहन परगण्यातलं हे लहानसं गाव.

कृती ऐकायला सोपी आहे. साखळी घालायची, सुईवरचा टाका अर्धा इंच लांब ओढायचा, मग दोरा सुईवर घेऊन सुई त्या लांब टाक्याच्या एकदा खालून, एकदा वरून फिरवायची. असे दहा-बारा वेढे झाले की दोरा घेऊन सगळ्यांतून एकदम ओढायचा आणि गाठीच्या बुडाशी एक मुका खांब घालून ती बांधून टाकायची. बस. मी तीन दिवस करत होते. कधी सातव्या वेढ्याला सुई अडकायची, कधी सगळे वेढे स्प्रिंगसारखे उलगडायचे. बांधायचा खांब चुकला की गाठ लोंबकळते, बारशाला आलेल्या पाहुण्यासारखी, ना बसलेली ना निघालेली. माझा हात आवळ. लहानपणी आत्या म्हणायची, "एवढं आवळून धरलीस तर दोरा श्वास कुठनं घेणार? बोट सैल सोड की." चौथ्या दिवशी तेच आठवलं आणि पहिली गाठ बसली.

ही गाठ सुचली कशाला, हे शोधायला गेले आणि उपासमारीपाशी पोचले.

1845 साली आयर्लंडच्या बटाट्यावर करपा पडला. गरिबाचं रोजचं जेवण म्हणजे बटाटाच, दुसरं काही नाही. आपल्याकडे एका सालात ज्वारी, तांदूळ, नाचणी सगळंच शेतात सडलं तर काय होईल, तसं. पुढची चार-पाच वर्षं हेच चाललं. सुमारे दहा लाख माणसं मेली, तेवढीच किंवा त्याहून जास्त देश सोडून गेली. 1841 च्या शिरगणतीत बयाऐंशी लाखांच्या आसपास असलेली वस्ती 1851 मध्ये पासष्ट लाखांवर आली. आणि या काळात तिथून धान्य बाहेर जात होतंच. मदतकार्याची सूत्रं लंडनच्या तिजोरी खात्यातल्या चार्ल्स ट्रेव्हेलियन या अधिकाऱ्याच्या हातात होती. फुकट खायला घातलं तर लोक आळशी होतील अशी त्याला फार काळजी. हाच गृहस्थ 1859 मध्ये मद्रासचा गव्हर्नर म्हणून आपल्याकडे आला. कलकत्त्याहून मात्र या दुष्काळासाठी वर्गणी गेली होती, हे वाचून मला बरं वाटलं. दान कुठून कुठे जातं बघा.

घरातल्या पुरुषाला काम नाही, शेतात पीक नाही. बाईच्या हातात उरले तिचे हात. कॉर्कजवळच्या ब्लॅकरॉकच्या मठात उर्सुलाइन नन मुलींना क्रोशा शिकवत होत्या. (आपल्या आर्यिका माताजींसारख्याच संसार सोडलेल्या, पण शाळा चालवणाऱ्या.) व्हेनिसची सुईनं केलेली उठावाची लेस त्या काळी श्रीमंतांच्या अंगावर असे. तिचा एक तुकडा व्हायला महिनोन् महिने लागत. तसाच उठाव क्रोशाच्या आकड्यानं कितीतरी लवकर येतो, हे लक्षात आलं. युक्ती अशी की फुलाच्या कडेला जाड दोरी धरायची आणि तिच्यावरून मुके खांब घालत जायचं. पाकळी आपोआप उभी राहते. एलेनॉर रिएगो दे ला ब्रांशार्दिएर हे लांबलचक नाव असलेल्या बाईंनी 1840 च्या दशकापासून विणकामाची पुस्तकं छापली. त्यांचे वडील फ्रेंच घराण्यातले, आई आयरिश. आयरिश क्रोशा आपणच शोधला असा त्यांचा दावा होता. दावा करायला छापखाना लागतो, तो त्यांच्यापाशी होता.

क्लोन्समध्ये हे काम आणलं कॅसँड्रा हँड या बाईंनी, 1847 मध्ये. तिथल्या प्रॉटेस्टंट धर्मगुरूची ही बायको. गावातली बहुतेक गरीब माणसं कॅथलिक, म्हणजे दुसऱ्या पंथाची. दारात उपाशी माणसं पाहून या बाईंनी शिक्षिका मागवून मुलींना क्रोशा शिकवला, विणलेला माल विकायची सोय लावली. थोड्याच वर्षांत क्लोन्स हे उत्तर भागातलं क्रोशाचं मोठं ठिकाण झालं.

मला सगळ्यात आवडली ती कामाची वाटणी. एका घरात गुलाब, दुसऱ्या घरात तिपानी शॅमरॉक, तिसऱ्या घरात द्राक्षाचा घोस. ज्या घराचं जे फूल ते त्याच घरानं करायचं. कृती आईकडून लेकीला. शेजारीण आली की हातातलं काम पदराखाली, त्यांच्या भाषेत एप्रनखाली. मग एखादी कसबी बाई सगळी फुलं कापडावर टाचून मधली जाळी भरायची. क्लोन्सच्या जाळीत ही गाठ असते, म्हणून ती गावाच्या नावानं ओळखली गेली. खोलीत पीटच्या शेकोटीचा धूर, म्हणून माल विकण्याआधी धुवावा लागे. 1900 नंतरची काही वर्षं पॅरिसमध्ये या लेसचे ब्लाउज, कोट यांची चलती होती. मग यंत्राची नक्कल स्वस्तात आली, महायुद्ध आलं, फॅशन बदलली.

हे वाचताना सारखं नरसापूर डोळ्यांपुढे येत होतं. आपल्या त्र्यंबकेश्वरला उगम पावलेली गोदावरी आंध्रात समुद्राला मिळते, त्या मुलखातलं गाव. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी तिथल्या बायकांना क्रोशाची लेस शिकवली आणि आजही तिथे घरोघरी ती चालते. 1970 च्या दशकाच्या शेवटी मारिया मीस ही जर्मन अभ्यासक तिथे राहिली, आणि 1982 मध्ये तिचं 'द लेसमेकर्स ऑफ नरसापूर' हे पुस्तक आलं. लेस परदेशी जात होती, व्यापारी पुरुष बंगले बांधत होते आणि विणणारीला काय म्हणायचे? गृहिणी. फावल्या वेळात बसल्या बसल्या करते. मीसनं दाखवलं की हा फावला वेळ दिवसाचे सहा-आठ तास असतो, स्वयंपाकपाणी वेगळं. 2024 मध्ये नरसापूरच्या लेसला भौगोलिक मानांकन मिळालं. विणणारीला तुकड्यामागे काय मिळतं, तो प्रश्न वेगळा.

'बसल्या बसल्या' हा शब्द आमच्या घरातही होता. आत्या विसाव्या वर्षी माहेरी परत आली, पांढरं पातळ नेसून. दिवस मावळायच्या आत जेवण उरकलं की कंदिलापाशी तिची सुई चालू. बाजारातला एक दुकानदार तोरणं, रुमाल घेऊन जायचा. पैसे देताना "अक्का, यात काय मेहनत, तुम्हाला विरंगुळाच की," म्हणून चार आणे कमी करायचा. पाहुण्यांपुढे वडीलही म्हणत, बसल्या बसल्या करते काहीतरी. ती गेल्यावर उशीखाली वही सापडली. रुमाल 6, तोरण 1, रिळं 4. खाली जमा. आणि दर जून महिन्यात एक ओळ खर्चाची: पोरींच्या वह्या, फी. पोरी म्हणजे मी आणि माझी बहीण. आम्हाला वाटे, फी वडील भरतात.

वहीत टाचणीनं टाचलेलं एक फूल होतं. मधोमध मक्याच्या दाण्यांसारखा उठाव. दाण्यांचा टाका मला येतो, एकाच घरात पाच खांब घालून पहिल्याला शेवटचा जोडायचा. पण तिचे दाणे दोन्ही बाजूंनी सारखे उभे आहेत. हे कसं? लहानपणी मी विचारलं होतं तेव्हा तिनं हात पाठीमागं नेला. "हे नको शिकू. शाळंला उशीर होतोय, जा." मला तेव्हा राग आला होता. ती कला लपवतेय असं वाटलं होतं.

क्लोन्सची गाठ आता बाराव्या वेढ्यालाही सुटत नाही. सुनेला शिकवली, जाऊबाईंनीही दोन करून पाहिल्या. आत्याचं फूल तेवढं वहीतच आहे. एका टोकाचा दोरा ओढला तर सगळं उलगडून कळेल. दोनदा सुईचं टोक तिथपर्यंत नेलं आणि वही मिटली.