नाममुद्रा आणि निर्माता : वसईच्या घंटांपासून डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनपर्यंत

प्रस्तावना

वस्तूवरील नाव आणि ती घडविणारा हात यांचा संबंध तपासणे हे इतिहासाच्या साधनचिकित्सेचे एक मूलभूत अंग आहे. इ.स. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकल्यानंतर तेथील चर्चच्या घंटा महाराष्ट्रातील मंदिरांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटेवर १७२१ हे वर्ष कोरलेले आहे. स्वामित्व बदलले, उपयोग बदलला. परंतु मूळ घडणीची खूण टिकून राहिली. आज वसई-विरारमध्ये वापरल्या जाणाऱ्या एका लहानशा वस्तूबाबत मात्र याच्या उलट स्थिती दिसून येते.

टोकनचा प्रसार

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० अन्वये डिजिटल स्वाक्षरीस कायदेशीर मान्यता मिळाली. २००६ मध्ये सुरू झालेल्या एमसीए-२१ प्रकल्पामुळे कंपन्यांना विवरणपत्रांवर अशी स्वाक्षरी करणे आवश्यक झाले. पुढे ई-निविदांमुळे तिचा वापर वाढला. वालीव, सातिवली, गोखिवरे येथील लहान कारखानदारांपासून ठेकेदारांपर्यंत अनेकांकडे पेनड्राइव्हसारखे दिसणारे टोकन आले. स्वाक्षरीची गुप्त किल्ली या टोकनच्या चिपमध्येच तयार होते व बाहेर काढता येत नाही. म्हणजेच सहीची विश्वासार्हता चिप घडविणाऱ्यावर अवलंबून असते.

नाव एकाचे, घडण दुसऱ्याची

भारतात सर्वत्र परिचित झालेले ‘ई-पास २००३’ हे टोकन बीजिंगच्या फेतियान कंपनीचे, तर ‘प्रॉक्स-की’ हे चीनमधीलच वॉचडेटा कंपनीचे. कॅनडातील हायपरसेक्यू कंपनीच्या नावाने विकल्या गेलेल्या ‘हायप २००३’चे मूळही फेतियानकडेच जाते. ही प्रथा केवळ लहान विक्रेत्यांपुरती मर्यादित नाही. गूगलने २०१८ मध्ये बाजारात आणलेल्या ‘टायटन’ किल्लीतील आज्ञावली गूगलची होती, तर घडण फेतियानची. २०१९ मध्ये तिच्या ब्लूटूथ प्रकारात दोष आढळला, तेव्हा दोन्ही कंपन्यांना किल्ल्या बदलून देण्याची घोषणा करावी लागली.

खऱ्या मालकाचे नाव झाकलेले असणे किती महाग पडू शकते, हे स्वित्झर्लंडच्या क्रिप्टो एजी या कंपनीने दाखविले. १९७० पासून अमेरिकी व पश्चिम जर्मन गुप्तहेर संस्था तिच्या छुप्या मालक होत्या, हे २०२० मध्ये उघड झाले. तिच्या ग्राहकांत भारतही होता. टोकन-निर्मात्यांवर असा आरोप करण्याचे येथे प्रयोजन नाही. प्रश्न माहितीच्या पारदर्शकतेचा आहे.

२३ जुलै २०२० च्या आदेशाने केंद्र सरकारने भूसीमा लागून असलेल्या देशांतील निविदाकारांना पूर्वनोंदणी बंधनकारक केली. अशा निविदांवर सही करण्याचे साधनच त्या देशांपैकी एकात घडलेले असू शकते, ही विसंगती लक्षणीय आहे.

निष्कर्ष

फिप्स १४०-२ या अमेरिकी मानकाच्या प्रमाणपत्रांची सूची सार्वजनिक आहे. तीत प्रमाणपत्र घेणाऱ्या कंपनीचे नाव असते आणि त्यावरून मूळ निर्मात्याचा माग काढता येतो. तथापि वेष्टनावरील नाव वाचून थांबणारा ग्राहक तिथपर्यंत पोहोचत नाही. म्हणून नगरपालिका, पतसंस्था आणि महाविद्यालये यांच्या खरेदी-समित्यांनी विक्रेत्याच्या नावासोबत निर्मात्याचे नाव व प्रमाणपत्राचा क्रमांक नोंदवणे इष्ट ठरेल. घंटेवरील कोरीव वर्षाने इतिहासकाराला जे दिले, ते पुढील अभ्यासकाला देणारी नोंद आजच्या दप्तरातच व्हावयास हवी.