पटावरील घर कोणाचे?

बुद्धिबळात जेवढे म्हणून नियम आहेत त्यांत एक नियम इतका साधा आहे, की तो मुलांस मुद्दाम समजावून द्यावा असे कोणाच्या मनात सहसा येत नाही. शत्रूच्या मोहऱ्याने अडविलेल्या घरी आपला मोहरा रीतसर चालून गेला, की ते घर आपले झाले आणि तेथील मूळचा मोहरा पटाबाहेर गेला. येणारा जगतो व बसलेला मरतो. मधे झुंज नाही, दैव नाही, दयामाया नाही. प्यादे वजिराच्या घरी शिरले तर वजिराने मुकाट्याने उठून जावे! प्रत्यक्ष रणात असे घडत नाही हे खरे. परंतु बुद्धिबळ हा निव्वळ बुद्धीचा खेळ होऊन बसला तो याच नियमामुळे, असे आम्हांस वाटते. मारणे निश्चित नसते, तर चार चाली पुढचा हिशेब करून उपयोग काय?

बाकीचे नियम मात्र काळाने व देशाने मनसोक्त बदलले आहेत. अकराव्या शतकात अल्‌बेरूनीने हिंदुस्थानात चौघांनी खेळावयाच्या बुद्धिबळाचे वर्णन करून ठेविले आहे. त्यात कोणता मोहरा हलवावयाचा हे फासे ठरवीत. अरबी शतरंजात वजीर बिचारा तिरपे एकच घर सरके. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात त्यास आजचे अफाट सामर्थ्य प्राप्त झाले, आणि उंटासही पटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावता येऊ लागले. आमच्या देशी पद्धतीत प्यादे सामान्यतः पहिल्या चालीसही एकच घर पुढे जाई, राजास डावात एकदा घोड्याची उडी घेण्याची मुभा असे, आणि पलीकडच्या टोकास पोचलेले प्यादे ज्या मोहऱ्याच्या घरी पोचले त्याच मोहऱ्याचे रूप घेई. हे रिवाजही गावोगाव थोडथोडे निराळे; तेव्हा परक्या गावच्या माणसाशी पट मांडण्यापूर्वी "तुमच्यात कसे आहे?" हा प्रश्न ओघानेच येई. एवढी उलथापालथ झाली, पण जो चालून आला त्याचे घर, हा कायदा या सर्व प्रकारांत अबाधित राहिला. तो मोडण्याचे धाडस १९८३ साली अमेरिकेतील तिघा जणांनी केले, आणि तेही लाकडी पटावर नव्हे, तर काचेच्या पडद्यावर. त्यांचा तो व्हिडिओ गेम आज फारसा कोणाच्या स्मरणात नाही. परंतु बुद्धिबळाचा इतिहास सांगणाऱ्याने त्यास वगळून पुढे जावे, हे आम्हांस योग्य वाटत नाही.

त्या प्रयोगाकडे वळण्यापूर्वी यंत्राने आरंभी या खेळाचे काय केले ते पाहिले पाहिजे. यंत्राने प्रथम केली ती काटछाट. १९५१ साली मँचेस्टर येथील गणकयंत्रावर (यासच आपण आज संगणक म्हणतो) डीट्रिख प्रिंत्स या गृहस्थाने दोन चालींत मात शोधून काढणारी योजना बसविली, तेव्हा किल्लेकोट, प्याद्याची दोन घरांची पहिली चाल व प्याद्याची बढती, ही सर्व त्यास सोडून द्यावी लागली. पाच वर्षांनी लॉस ॲलामॉस येथे जे घडले ते याहून मौजेचे आहे. ही न्यू मेक्सिकोतील जागा जगास अणुबाँबमुळे ठाऊक आहे. तेथील शास्त्रज्ञांपाशी 'मॅनियॅक' या नावाचे, म्हणजे चक्क 'माथेफिरू' या अर्थाचे, एक गणकयंत्र होते. १९५६ साली पॉल स्टाइन व मार्क वेल्स या दोघांनी त्यास बुद्धिबळ शिकविण्याचे मनावर घेतले. परंतु आठ घरांचा पूर्ण पट त्या यंत्रास झेपेना. तेव्हा त्यांनी पटच लहान केला. चौसष्ट घरांची छत्तीस घरे झाली. सहा घरांच्या ओळीत आठ मोहरे कसे मावणार? दोन्ही बाजूंचे उंट हद्दपार झाले. प्रत्येक पक्षाकडे राजा, वजीर, दोन हत्ती, दोन घोडे व सहा प्यादी, एवढेच सैन्य उरले. प्यादे एकेक घर चालणारे, आणि किल्लेकोट नाही.

एवढी सवलत घेऊनही यंत्र एका चालीस दहा मिनिटांहून अधिक वेळ घेई. त्याचे तीन डाव प्रसिद्ध आहेत. पहिला ते स्वतःशीच खेळले. दुसऱ्यात एका चांगल्या खेळाडूने त्यास आपला वजीर आधीच देऊन टाकला, आणि तरीही त्यास हरविले. तिसरा डाव एका नवशिक्या माणसाशी झाला. या खेळाचे नियम त्यास आठवड्यापूर्वीच या डावाकरिता म्हणून शिकविले होते. हा डाव यंत्राने जिंकला. बुद्धिबळासारख्या खेळात यंत्राने माणसास हरविण्याचा हा पहिला प्रसंग म्हणून सांगतात. हा विजय ज्या खेळातला, तो खेळ यंत्राच्या कुवतीस बेतून कापलेला होता, हे मात्र सांगताना पुष्कळदा राहून जाते.

दारिद्र्याची ही गोष्ट पुढेही बरीच वर्षे चालली. १९८२ साली इंग्लंडात डेव्हिड हॉर्न याने सिंक्लेअर कंपनीच्या 'झेडएक्स ८१' या स्वस्त घरगुती संगणकाकरिता अवघ्या ६७२ बाइटांत बुद्धिबळ बसविले. देवनागरी मजकूर आजच्या रीतीने साठविला, तर या लेखाच्या तीनेक ओळी तेवढ्या जागेत मावतील! हे कौशल्य पाहून थक्क व्हावयास होते. पण तेथेही किल्लेकोट व बढती यांस जागा मिळाली नाहीच.

आता १९८३ सालाकडे वळू. जॉन फ्रीमन व त्यांची पत्नी ॲन वेस्टफॉल यांनी एका जुन्या कंपनीतून बाहेर पडून 'फ्री फॉल असोसिएट्स' ही लहानशी संस्था काढली होती. पॉल राइकी या तरुणासह त्यांनी 'आर्कॉन' नावाचा खेळ रचला. रचना फ्रीमन व राइकी यांची. ती यंत्राच्या भाषेत उतरविण्याचे काम वेस्टफॉलबाईंचे. अटारी कंपनीच्या घरगुती संगणकाकरिता 'इलेक्ट्रॉनिक आर्ट्स' या तेव्हा नव्यानेच निघालेल्या कंपनीने तो प्रसिद्ध केला. पूर्वीच्या लोकांनी यंत्रास काय जमणार नाही ते पाहून खेळ कापला. या मंडळींनी लाकडास काय जमत नाही ते पाहून खेळ वाढविला. आमच्या मते या प्रकरणाचे सर्व मर्म या एका फरकात आहे.

आर्कॉनचा पट नऊ घरे लांब व नऊ घरे रुंद. एका बाजूस प्रकाशाचे अठरा मोहरे, दुसऱ्या बाजूस अंधाराचे अठरा. बुद्धिबळात दोन्ही सैन्ये हुबेहूब सारखी असतात. येथे तसे नाही. इकडे जादूगार, तर तिकडे चेटकीण. इकडे एकशिंगी घोडे, जिन्न, फिनिक्स पक्षी व धनुर्धर, तर तिकडे अग्निमुखी ड्रॅगन आणि झुंजीत समोरच्याचेच रूप व बळ घेणारा बहुरूपी. प्याद्यांच्या ठिकाणी इकडे सात शिलेदार व तिकडे सात पिशाच्चे. एखादा मोहरा शत्रूच्या घरी गेला, की पट नाहीसा होतो व पडद्यावर एक मोकळे रणांगण उभे राहते. तेथे दोन्ही खेळाडूंनी हातातील दांड्याच्या साह्याने आपापला मोहरा धावडवावयाचा, शस्त्र फेकावयाचे, वार चुकवावयाचे. जो जगेल त्याचे घर! चालून आलेलाच मरण्याचा संभव आहे. आणि चपळ हाताचा मुलगा एका क्षुद्र शिलेदाराकडून ड्रॅगनासही लोळवू शकतो.

येथे जाणता वाचक म्हणेल, की मग हे बुद्धिबळ कसले? ही तर कुस्ती झाली. आक्षेप खरा आहे, आणि रचणाऱ्यांसही तो सुचला असलाच पाहिजे; कारण त्यांनी योजिलेला तोडगा नेमका याच जागी बसतो. पटावरील काही घरे कायमची उजळ, काही कायमची काळी. परंतु कित्येक घरांचा रंग पाळीपाळीने पालटत उजेडाकडून अंधाराकडे व पुन्हा उजेडाकडे जातो. उजळ घरी प्रकाशाच्या मोहऱ्याचा जीव अधिक चिवट होतो, काळ्या घरी अंधाराच्या. तेव्हा कोठे लढावे, याहूनही केव्हा लढावे, हा विचार मुख्य होतो. अंधार दाटत चालला असता प्रकाशाच्या सेनापतीने झुंज टाळावी, दबा धरून बसावे आणि पहाटेची वाट पाहावी. म्हणजे हाताचे चापल्य निर्णायक खरे, पण ते कोणत्या तराजूत तोलले जाणार हे बुद्धी आधीच ठरवून ठेवते. एके काळी हिंदुस्थानातील पटावरून फासे उठले व दैवाची सत्ता गेली. आर्कॉनने अनिश्चितता परत आणली, पण ती दैवाच्या हाती न देता खेळणाऱ्याच्या मनगटात ठेविली. ही कल्पना आम्हांस अत्यंत चतुर वाटते.

तरीही आमचे पूर्ण समाधान होत नाही. या खेळात राजा नाही. पटावरील पाच शक्तिस्थाने एकाच वेळी व्यापावी किंवा शत्रूचे निखळ निर्दाळण करावे, म्हणजे जय. जादूगार पडला तर त्याचे मंत्र जातात, पण डाव चालूच. शह आणि मात हे शब्दच नाहीसे झाले. ज्या एका दुबळ्या जिवासाठी सगळे सैन्य झिजते तो जीवच काढून घेतल्यावर मागे उरते ती चकमकींची मालिका. शिवाय दुसरी एक गोष्ट आहे. यंत्र चुकीची चाल करू देत नाही, तसेच ते वादही घालू देत नाही. "आमच्यात असे नाही" हे आर्कॉनला कोणी सांगावे? गावोगावचे रिवाज दोघा खेळणाऱ्यांच्या संमतीने ठरत. येथे ते रचणाराने एकदा ठरविले, ते कायमचे.

चालून येणाऱ्याचे घर हा कायदा पुढे आणखी एकाने मोडला, पण हेतू अगदी निराळा होता. १९९७ साली 'डीप ब्लू' या यंत्राने जगज्जेत्या कास्पारॉव्हला हरविल्यावर, मूळ भारतीय वंशाच्या ओमर सय्यद या अमेरिकी अभियंत्याने, माणसास सोपा व यंत्रास अवघड असा खेळ बुद्धिबळाच्याच पटावर व मोहऱ्यांवर रचला. 'अरिमा' हे त्याचे नाव. त्यांनी आपल्या लहान मुलाच्या नावाची अक्षरे उलटी करून ते बनविले. त्यात हत्ती, उंट व घोडा आहेत (आमच्या पटावर हे तिघे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत!), शिवाय कुत्रे, मांजरे व ससे. बलवान प्राणी दुर्बळास ढकलतो वा ओढतो, आणि पटावरील चार सापळ्यांपैकी एकात पाडतो. बुद्धिबळात एका पाळीस सरासरी पस्तीसच्या आसपास चाली संभवतात. येथे सतरा हजारांच्या घरात. तरीही २०१५ साली डेव्हिड वू यांच्या 'शार्प' या योजनेने माणसांस हरवून त्याकरिता लावलेले पारितोषिक पटकाविले. यंत्रास अडविण्यासाठी बांधलेली भिंत बारा-तेरा वर्षे टिकली.

त्यानंतरची कथा आम्हांस विशेष जिव्हाळ्याची वाटते. २०२० साली माजी जगज्जेते व्लादिमीर क्रामनिक यांनी लंडनच्या 'डीपमाइंड' संस्थेतील संशोधकांसह 'अल्फाझीरो' या यंत्राकडून बुद्धिबळाचे नऊ नवे प्रकार पारखून घेतले. पूर्वी नवा नियम चांगला की वाईट हे कळावयास पिढ्या जात. यंत्र स्वतःशी असंख्य डाव खेळून ते थोड्या अवधीत दाखवू लागले. त्या नऊ प्रकारांत एक होता किल्लेकोटावाचूनचा, आणि दुसरा, ज्यात प्यादे पहिल्या चालीसही एकच घर चालते. आमच्या आजोबांस यात नवे असे काहीच दिसले नसते!

२०२१ साली जर्मनीतील डॉर्टमुंड येथे क्रामनिक व विश्वनाथन आनंद यांच्यात किल्लेकोटावाचून चार डावांचा सामना झाला. तो आनंद यांनी अडीच विरुद्ध दीड गुणांनी जिंकला. राजास एकदा घोड्याची उडी घेण्याची मुभा मात्र त्या सामन्यात ठेविलेली नव्हती.